फाउंडेशनकडं जाताय ना, मग बॉल नका मागू, माणसाचा पगार मागा: नागपूरच्या युवा ग्रुपांसाठी पूर्ण प्रोसेस

नागपुरात बहुतेक मोठ्या वस्त्यांमध्ये एखादा तरी ग्रुप असतोच जो संध्याकाळी पोट्टे गोळा करतो. कुठं फुटबॉल, कुठं कबड्डी, कुठं ढोलपथक, कुठं समाजभवनात पोलीस भरतीची तयारी नाहीतर दहावीचा अभ्यास. चालवणारा दादा किंवा ताई दिवसा कुठंतरी नोकरी करते आणि संध्याकाळी हे सगळं स्वतःच्या खिशातून. वर्ष-दोन वर्षं असं चाललं की कोणीतरी म्हणतं, अरे एखाद्या फाउंडेशनकडून फंड आणा ना, आणि तिथून गोंधळ सुरू, कारण फाउंडेशन म्हणजे नेमकं काय, ते पैसे कसे देतात, आणि आपल्याकडून त्यांना काय पाहिजे असते हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहून राहिलो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिले एक गोष्ट पक्की करून घ्या. फाउंडेशनकडून वस्तू लवकर भेटतात. टीशर्ट, बॉल, कॉम्प्युटर, वॉटर कूलर. वस्तूचा फोटो निघतो, बिल एकच असते, ऑडिटरला प्रश्न पडत नाही. पण प्रोग्राम वस्तूवर चालत नाही ना राजेहो, तो चालतो रोज साडेपाचला ग्राउंडवर हजर राहणाऱ्या माणसावर. तो माणूस लग्न झालं, घरची जबाबदारी आली की जातो, आणि त्याच्या मागं ग्रुप बंद पडतो, कॉम्प्युटर तसेच धूळ खात. त्यामुळं खालच्या प्रत्येक पायरीला डोक्यात हेच ठेवा की आपल्याला माणसाचा पगार आणि निदान तीन वर्षं पाहिजेत.

आधी समोरचा कोण आहे ते ओळखा

सगळे फाउंडेशन एकसारखे नसतात, आणि कोणाला कधी भेटायचं हे त्यावरच ठरते.

एक असतात घराण्याचे किंवा जुने ट्रस्ट. त्यांच्याकडं ठेव असते, त्यावरचं उत्पन्न ते वाटतात. आयकरात सूट टिकवायची तर ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच आर्थिक वर्षात धर्मादाय कामावर लावावे लागतात (पुढं राखून ठेवायची सोय आहे, पण तिचे वेगळे कागद करावे लागतात). आता समजलं ना फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक फोन का येतात ते?

दुसरे कंपन्यांचे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर (म्हणजे समाजाच्या कामावर) खर्च करावे लागतात. हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही लिहिलंय, म्हणजे बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, मिहान इथल्या कंपन्या आपल्या हक्काच्या. शिवाय वेकोलि (कोळसा खाणवाली) आणि मॉयल (मँगनीज खाणवाली) या सरकारी कंपन्या, दोघांचीही मुख्यालयं नागपुरातच. मुंबईच्या फाउंडेशनला मेल टाकून उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा इथल्या सीएसआर ऑफिसात जाऊन बसलेलं परवडते.

तिसरे असे की जे स्वतःच लोकांकडून पैसे गोळा करून पुढं देतात. यांच्याकडं अर्जाचा फॉर्म सोपा असतो पण रिपोर्ट जास्त मागतात, कारण त्यांना पुढं कोणाला तरी दाखवायचं असते.

परदेशी पैशाचं वेगळंच. एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी नसेल तर परदेशी संस्थेकडून एक रुपयाही घेऊ नका. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएवाली संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला फिरवून देऊ शकत नाही, त्यामुळं "आम्ही घेतो आणि तुम्हाला देतो" असं कोणी म्हटलं तर हात जोडा आणि निघा. वस्तीतला एखादा पोरगा अमेरिकेत सेटल झालाय आणि पैसे पाठवतो म्हणतो, तर आधी विचारा पासपोर्ट कोणता. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःची बचत बँकेतून पाठवत असेल तर चालते, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी, तो परदेशी स्रोतच धरला जातो.

कागद: कंटाळवाणं आहे पण इथंच निम्मे गळतात

संस्था रजिस्टर नसेल तर तीन रस्ते आहेत. ट्रस्ट (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950), सोसायटी (1860 चा कायदा, किमान 7 माणसं लागतात, आणि आपल्या राज्यात ती ट्रस्ट म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवावी लागते), नाहीतर सेक्शन 8 कंपनी (नफा न वाटणारी). वस्तीतल्या ग्रुपला माझ्या मते पहिले दोन बरे, कंपनीचे दरवर्षीचे फायलिंगचे खर्चच झेपत नाहीत. माणसं निवडताना मात्र नात्यातले सगळे भरू नका, नवरा अध्यक्ष, बायको सचिव, साळा खजिनदार असं दिसलं की फाउंडेशनवाला फाइल बाजूला ठेवतो, तोंडावर बोलत नाही एवढंच.

त्यानंतर पॅन, संस्थेच्या नावानं बँक खातं, दोन सह्यांची पद्धत, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा आयडी, आणि आयकराची 12एबी (जुनी 12ए, संस्थेला करसूट) व 80जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी. नव्या संस्थेला ही आधी तीन वर्षांची तात्पुरती भेटते, मग रेग्युलर. 12एबी पाच वर्षांची असायची, 2025 च्या वित्त कायद्यानं लहान संस्थांसाठी दहा वर्षांची केली. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण बोलताना सगळे अजून 12ए, 80जी च म्हणतात, त्यामुळं सीएला विचारताना बिनधास्त तेच म्हणा, फॉर्म मात्र त्यालाच नवा बघून भरू द्या.

सीएसआरचा पैसा पाहिजे तर अजून एक, एमसीए (केंद्राचं कंपनी मंत्रालय) पोर्टलवर सीएसआर-1 फॉर्म. 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा आहे. त्याला 12ए आणि 80जी लागते आणि कंपनीनं किंवा सरकारनं काढलेली संस्था नसेल तर तीन वर्षं तशाच कामाचा अनुभव लागतो. म्हणजे कालच रजिस्टर झालेल्या ग्रुपला सीएसआर सरळ भेटणार नाही. मग काय करायचं? तीन वर्षं जुन्या, स्वच्छ हिशोबाच्या संस्थेसोबत जोडून काम करा, प्रोजेक्ट त्यांच्या नावानं आणि टीम तुमची, पण लेखी करार करूनच, त्यात पैसे कधी, किती, निर्णय कोणाचा हे सगळं. तोंडी भाईचाऱ्यावर अशा गोष्टी टिकत नाहीत.

आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. हे लोक हमखास विसरतात, मग पाच वर्षांनी करारावर सही करायची वेळ आली की कळते कागदावर अध्यक्ष अजूनही जुनाच माणूस आहे.

काय करणार ते दोन पानांत

पीपीटी नका पाठवू. दोन पानांचं टिपण पुरते, त्याला कन्सेप्ट नोट म्हणतात. त्यात काय पाहिजे, तर कोणती वस्ती, कोणते पोट्टे-पोट्ट्या (वय लिहा, राष्ट्रीय युवा धोरण 2014 मध्ये युवा म्हणजे 15 ते 29, पण 15 वर्षाच्या पोराची गरज आणि 25 वाल्याची गरज एक नसते, एकच गट निवडा), आज काय चालू आहे, काय अडलंय, आणि पैसे आले तर रोज नेमकं काय होईल.

"सर्वांगीण विकास", "सक्षमीकरण" हे शब्द काढून टाका. त्याऐवजी लिहा की आठवी ते बारावीचे 60 जण, त्यातल्या निम्म्या मुली, आठवड्यातून पाच दिवस सव्वा तास खेळ आणि पाऊण तास अभ्यास किंवा चर्चा, महिन्यातून एकदा पालकांची बैठक. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर ग्राउंड आलं पाहिजे.

खेळातून युवा काम होते का असा प्रश्न नागपुरात तरी कोणी विचारू नये. झोपडपट्टी फुटबॉल इथलंच, 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे सरांनी सुरू केलं, पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहून. पुढं त्याचं स्लम सॉकर झालं आणि 2016 चा फिफा डायव्हर्सिटी अवॉर्ड त्यांना भेटला. हे उदाहरण टिपणात घालायला हरकत नाही, पण "आम्ही पण तसंच करू" एवढ्यावर थांबू नका. तुमच्या वस्तीत काय वेगळं आहे ते सांगा.

आणि सरकारी काय आहे ते आधी पाहून घ्या. स्पर्धा परीक्षेचं कोचिंग बार्टी, महाज्योती (हिचं तर मुख्यालयच नागपूर) या सरकारी संस्था करून राहिल्या, कौशल्यासाठी आयटीआय आहेत. तेच परत करायला फाउंडेशन पैसे का देईल? पण आपल्या पोट्ट्यांना त्या फॉर्मपर्यंत, त्या क्लासपर्यंत नेऊन टिकवणारा माणूस कुठल्याच योजनेत नसतो, आणि तिथं तुमची जागा आहे.

बजेट, खरी मारामारी इथं

एक नमुना देतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या वस्तीप्रमाणं बदला. 60 मुलं, एक वर्ष:

समन्वयक, पूर्ण वेळ, 20,000 महिना: 2,40,000
दोन अर्धवेळ प्रशिक्षक, 8,000 प्रत्येकी (एक ताई असलीच पाहिजे): 1,92,000
नाश्ता, 20 रुपये, महिन्यात 20 दिवस, 10 महिने: 2,40,000
खेळाचं साहित्य, बूट: 90,000
प्रवास, स्पर्धा, कंपनी व्हिजिट: 60,000
टीमचं ट्रेनिंग: 40,000
हिशोब, ऑडिट: 36,000
विमा आणि फर्स्ट एड: 22,000

एकूण 9,20,000. म्हणजे एका मुलामागं वर्षाला सुमारे 15,300, महिन्याला तेराशेच्या आत.

पाहा, माणसांवरचा खर्च 47 टक्के आहे. इथं फाउंडेशनवाला हमखास म्हणणार, "सॅलरी खूप जास्त आहे, आम्ही ॲडमिन 10 टक्केच देतो." घाबरू नका. प्रशिक्षक आणि समन्वयक हे ॲडमिन नाहीतच, तेच प्रोग्राम आहेत, शाळेत शिक्षकाच्या पगाराला कोणी ऑफिस खर्च म्हणत नाही. ॲडमिन म्हणजे हिशोब-ऑडिटचे ते 36,000, जेमतेम 4 टक्के. काही कंपन्यांचे लोक 5 टक्क्यांचा नियम दाखवतात, तर तो नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासकीय खर्चावरचा आहे, तुमच्या ग्राउंडवरच्या ताईच्या मानधनावरचा नाही. हे शांतपणे, कागद समोर ठेवून सांगा, भांडू नका.

बजेट कमी करून मंजूर केलं तर (करतातच) मुलं कमी करा, पगार नको. 9 लाखाचे 6 लाख झाले तर 60 चे 40 करा आणि तसं लेखी कळवा. "बघू, ॲडजस्ट करू" म्हणणारे ग्रुप मग दिवाळीपर्यंत प्रशिक्षकाला अर्धे पैसे देतात आणि जानेवारीत प्रशिक्षक एखाद्या डिलिव्हरी कंपनीचं टीशर्ट घालून फिरताना दिसतो. नाश्ता पण कापू नका, संध्याकाळी पोट्टे उपाशी येतात, तर्री पोहे नाही तर नाही, निदान चणे-गूळ-केळी तरी पाहिजेत.

नागपूरचं कॅलेंडर त्यांना समजावून सांगा

फाउंडेशनचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपलं तसं नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास, नवतप्यात तर दुपारचं ग्राउंड विसरा, सकाळी सहा ते साडेसात एवढंच. विदर्भात शाळाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. मग पोळा-मारबत, गणपती, दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन (दीक्षाभूमीजवळच्या वस्त्यांतले पोट्टे त्या आठवड्यात सेवेत असतात, त्यांना प्रॅक्टिसला बोलावूच नका), मग लग्नसराईत मोठे पोरं केटरिंगच्या कामाला, आणि फेब्रुवारी-मार्च बोर्डाची परीक्षा. जे फाउंडेशन पुण्या-मुंबईत बसून दर महिन्याला 90 टक्के हजेरीचं टार्गेट टाकते त्याला हे कॅलेंडर अर्जासोबतच जोडून द्या. नंतर सांगितलं की बहाणा वाटते, आधी सांगितलं की प्लॅनिंग वाटते.

पैशाचंही तसंच. करार झाला की पहिला हप्ता येतो, दुसरा हप्ता रिपोर्ट आणि सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. मधल्या काळात दोन-तीन महिने खातं रिकामं. म्हणून करारातच पहिला हप्ता 50 टक्के मागा, आणि दुसऱ्याचा रिपोर्ट पैसे संपायच्या आधी दोन महिने द्या. मार्चमध्ये मंजूर झालेला पैसा 31 मार्चच्या आत खर्च करा म्हणाले तर सरळ विचारा की हा "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून धरता येतो का. सीएसआरमध्ये तशी सोय आहे, न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो. कंपनीच्या माणसाला हे माहीत असतेच, फक्त आपण विचारत नाही.

मुलांची सुरक्षितता

याच्यावर मी अडून बसतो. 18 च्या आतले असतील तर पॉक्सो कायदा 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) लागू, आणि काही घडल्याचं कळलं, नुसता संशय जरी असला, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "वस्तीतलं प्रकरण वस्तीत मिटवू" हा पर्यायच नाही. टीमची पोलीस पडताळणी, पालकांची लेखी परवानगी, एकटा प्रशिक्षक आणि एकटं मूल बंद खोलीत नाही, मुलींच्या बॅचला ताई, ग्राउंडजवळ वापरता येईल असं संडास-बाथरूम. चाइल्डलाइनचा 1098 नंबर भिंतीवर. मुली तिसऱ्या महिन्यात गळतात त्याचं कारण "इंटरेस्ट नाही" असं रिपोर्टमध्ये लिहिलं जाते, खरं कारण बरेचदा बाथरूम आणि अंधार पडल्यावर घरी जायचा रस्ता असतो. त्यासाठी बजेटमध्ये ओळ घाला, दोन पालक मावश्यांना सोबत पोहोचवायचं मानधन द्या.

फोटो: फाउंडेशनला पाहिजेच असतात. द्या, पण नाव, शाळा आणि घरची कहाणी एकत्र नका देऊ. चेक देताना पोट्ट्यांना रांगेत उभं करून "थँक यू सर" म्हणायला लावणं तर बंदच करा, 16 वर्षाच्या पोराला ते किती लागते हे त्याच्या तोंडावर दिसते.

मोजायचं काय

"500 लाभार्थी" असा आकडा मागतील. त्यात एकच पोरगा शिबिरात, स्पर्धेत आणि वृक्षारोपणात तीनदा मोजलेला असतो हे त्यांनाही माहीत असते. तुम्ही सुरुवातीलाच चार-पाच गोष्टी लिहून ठेवा: रोजची हजेरी (नावानं), शाळा सोडलेल्यांपैकी किती परत गेले, दहावी-बारावीचा फॉर्म भरून परीक्षेला बसले किती, पुढं आयटीआय किंवा कॉलेजला किती, नोकरी लागली तर सहा महिन्यांनी टिकली का. पहिल्या महिन्यात ही माहिती घेतली नाही तर वर्षाच्या शेवटी तुलना कशाशी करणार? साधं रजिस्टर आणि एक एक्सेल शीट बस झालं, ॲप-बिप नको.

यासाठी माणूस कमी पडत असेल तर सिव्हिल लाइन्सचं तिरपुडे आणि बजाज नगरचं मातृ सेवा संघ, दोन्ही समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी फील्डवर्क करतात, कॉलेजशी बोलून पाहा.

वाईट बातमीही रिपोर्टमध्ये लिहा. 60 पैकी 14 गळाले तर का गळाले ते सांगा. चांगला प्रोग्राम ऑफिसर अशा रिपोर्टवर जास्त विश्वास ठेवतो.

पैशाशिवाय काय मागायचं

कंपनीच्या सीएचे चार तास, एचआरच्या माणसाकडून मोठ्या पोरांचे मॉक इंटरव्ह्यू, प्लांट व्हिजिट, अप्रेंटिसशिपच्या जागा निघाल्या की आधी कळवणं. बुटीबोरीच्या एका शॉप फ्लोअरवर फिरून आलेला पोरगा फिटरचा ट्रेड काय असतो ते जेवढं समजतो तेवढं पोस्टर लावून नाही समजत. फक्त "एम्प्लॉयी व्हॉलंटियरिंग डे" ला तीस जण येऊन भिंत रंगवणार असतील तर विनम्रपणे सांगा, भिंत आमची बरी आहे, त्यापेक्षा तिघं जण सहा महिने दर शनिवारी इंग्लिश बोलायला या.

तिसऱ्या वर्षाचं पहिल्या वर्षीच बोला

करार करतानाच उतरती मदत लिहून घ्या: पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी 75 टक्के, तिसऱ्या वर्षी 50. बाकीचं गोळा करायला दुसऱ्या वर्षापासूनच एक माणूस लावा. महिन्याला 500 देणारे 40 जण झाले की 20,000, म्हणजे समन्वयकाचा पगार निघाला. हे 40 जण वस्तीतून निघालेले नोकरदार, इतवारी-सीताबर्डीचे ओळखीचे दुकानदार, शाळेचे जुने मास्तर असेच असतात. यूपीआय ऑटोपे लावून घ्या, पॅन घ्या, पावती द्या, वर्ष संपलं की देणगीदारांचं स्टेटमेंट आयकर पोर्टलवर वेळेत भरा, नाहीतर त्यांना प्रमाणपत्र देता येत नाही. 2,000 च्या वर रोख दिली तर 80जी ची सवलत नाही. आणि एक स्पष्ट सांगून ठेवा, जे लोक नव्या टॅक्स रेजिममध्ये आहेत त्यांना ही वजावट तशीही भेटत नाही, म्हणजे मार्चमध्ये "भाऊ, टॅक्स तर वाचलाच नाही" असा फोन येणार नाही.